बाई, नळ्या मी धुतल्या होत्या

मालती परचुरे.

बाई, आधी तुमचं नाव लिहून घेतलं. काय झालं ते नंतर लिहितो. मला काम कोणी दिलं, इंग्रजी लेबलं वाचायला कोणी शिकवलं, मी फोडलेलं भांडं स्वतःच्या नावावर कोणी घेतलं, हे वाचणाऱ्याला पहिल्यांदा कळू दे. पुढचं वाचल्यावर त्याला माझं काही ऐकावंसं वाटेल की नाही, माहीत नाही.

तुम्हाला जाऊन सत्तावीस दिवस झाले. मी सहावीतून शाळा सोडलेला माणूस. लिहितो ते फक्त गावी, शिरपूरच्या पलीकडे, आईला. त्यात इकडं सगळं ठीक आहे, तिकडची काळजी घ्या, एवढंच असतं. खोटं असलं तरी तेच असतं. असं मोठं लिहायची ही पहिली वेळ. लेबलावर माझं शुद्धलेखन चुकलं की तुम्ही लाल पेनानं गोल करायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. आता कागद तसाच छापायला जाणार.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलं ते कडोदऱ्याला, रेवाबेनच्या तबेल्यात. मी तिशीचा होतो. त्याआधी लिंबायतला लूमवर, यंत्रमागावर होतो, बारा तासांची पाळी. एकदा धोटा उडाला तो डाव्या डोळ्यावर. डोळा राहिला, नजर अर्धी गेली. अर्ध्या नजरेच्या माणसाला चार लूम सांभाळायला कोण देणार? शेठनं दवाखान्याचं पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहणं सोडून दिलं. गावी काय सांगणार होतो? बायको, दोन पोरं इथंच होती. हायवेला रेवाबेनच्या सहा म्हशी होत्या, तिथं चारा टाकायचो, शेण काढायचो, दुधाचे कॅन घासायचो.

तुम्ही रिक्षातून उतरलात ती साडी वर खोचूनच. हातात थर्मास. रेवाबेनला म्हणालात, तुमची म्हैस काल व्यायली असं कळलं, पहिल्या दिवसाचा चीक हवा होता, पैसे देते. रेवाबेन खाटेवरून उठलीसुद्धा नाही.

"बेन, खीरुं वेचाय नहीं," ती म्हणाली. चीक विकायचा नसतो. आधी पारडाला, मग देवीला, मग शेजारच्या घरांना वाटायचा. त्याचे पैसे घेतले तर म्हशीचं दूध आटतं, हे तिच्या सासूनं तिला सांगितलेलं.

"मग विकू नका," तुम्ही म्हणालात. "मला शेजारीण समजा."

"अठवाथी आवी ने पडोसण?" रेवाबेन हसली. अठवालाइन्सहून आलेली बाई कडोदऱ्याची शेजारीण! पण तपेली भरून दिली. चार दिवसांनी तुम्ही ती तपेली परत आणलीत तेव्हा तिच्यात गूळ होता. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. रेवाबेननं झाकण काढून पाहिलं आणि त्या दिवसापासून तबेल्यातला पहिला चीक तुमचाच झाला.

जाता जाता तुम्ही कॅनपाशी थांबलात. आत बोट फिरवलंत, बोटाचा वास घेतलात. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"हे कोणी धुतले?"

"मी, बाई."

"कशानं?"

"राखेनं. मग गरम पाणी. मग गार. मग उन्हात पालथे."

"किती वेळा खळखळतोस?"

"चिकट लागायचं थांबेपर्यंत."

तुम्ही म्हणालात, असे हात मला हवेत. बाई, माझ्या हातांना तोवर कोणी असं म्हणालं नव्हतं.

उधन्याला, रेतन केंद्राच्या मागच्या अंगाला, तुमच्या दोन खोल्या, तीच लॅब. पुढं नायट्रोजनच्या टाक्या, त्यात रेड्याच्या गोठवलेल्या रेताच्या कांड्या, त्या घेऊन माणसं गावोगाव म्हशी भरवायला जायची. मागं आपण. पहिल्या दिवशी मी तुम्हाला बाई म्हणालो तेव्हा केंद्राचे मॅनेजर ओरडले होते, "अरे, आ निशाळ छे? मॅडम बोल!" ही काय शाळा आहे, असं त्यांचं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बाईच म्हणू दे त्याला. मॅडम म्हटलं की मला वाटतं कोणीतरी सही मागायला आलंय."

मला वाटायचं, मी भांडी धुणारा, मला भांडी कळली की झालं. तुम्ही ऐकलं नाहीत. म्हणालात, कशासाठी धुतोस ते कळलं नाही तर कधीतरी चुकशील. बाई, कळलं होतं, तरी चुकलो.

तुम्ही सांगितलेलं माझ्या शब्दांत लिहितो. गोठवून परत वितळवलं की म्हशीच्या कांडीतले बरेच जीव मरतात, उरलेले थकलेले असतात. म्हणून म्हैस उलटते, पुन्हा माजावर येते, गाभण राहत नाही. दोनतीनदा उलटली की मालक तिला कसायाच्या माणसाला दाखवतो. चिकात वाढ करणारं प्रोटीन असतं, पारडाला उभं करतं ते. ते कांडीतल्या जिवांना मिळालं तर तग धरतील, असं तुमचं म्हणणं. अडचण एवढीच, की असलं प्रोटीन फार नाजूक. त्याला तोडणारे एन्झाइम सगळीकडे असतात, पोटात, रेतात, अगदी आपल्या बोटांवरसुद्धा. मग पारडाच्या पोटात ते कसं टिकतं? कारण चिकातच त्याचा राखणदारही असतो. तोडणाऱ्याच्या तोंडात जाऊन बसतो आणि त्याला तोडू देत नाही. बाहेरून महागाची औषधं आणायची आपली ऐपत नव्हती. तुम्ही म्हणायच्या, म्हशीनं दोन्ही एकाच भांड्यात दिलंय, आपण फक्त ते न नासवता काढायचं.

न नासवता. हा शब्द तुमचाच.

काढून झाल्यावर तुम्ही जेलीच्या पातळ चकतीवर थेंब ठेवायच्या, वीज सोडायच्या, मग निळ्या रंगात बुडवायच्या. धुतल्यावर चकतीवर निळ्या रेघा दिसायच्या. एका बारीक रेघेवर बोट ठेवून तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, "भटू, हे बघ. शाबूत आहे." मला उजव्या डोळ्यानं दिसली ती रेघ. केसाएवढी.

पहिल्या मोसमात झालं ते कोणी खोडू शकत नाही. रेवाबेनची शामळी तीनदा उलटलेली. कसायाचा माणूस येऊन शेपटी वर करून तिला बघूनही गेला होता. तिला आपली, चिकातलं प्रोटीन घातलेली कांडी भरली आणि ती राहिली. व्यायली तेव्हा रेडी झाली. रेवाबेन स्वतः उधन्याला आली, चिकाची तपेली डोक्यावर घेऊन, आणि केंद्राच्या दारातच ओरडली, "बेन, आ भटू तो पाडीनो मामो थयो!" भटू रेडीचा मामा झाला! सगळे हसले. मीही. लूम सुटल्यापासून मी कामाच्या जागी हसलो नव्हतो.

त्याच वर्षी मी तुमचं गाळणीचं काचेचं भांडं फोडलं. मुंबईहून दोन महिने वाट बघून आलेलं. मॅनेजर आले तेव्हा मी तुकड्यांपाशी बसलेला. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "माझ्या हातून गेलं." ते तुम्हाला गुजरातीत बरंच बोलले, मोठ्यानं, पुढच्या लोकांना ऐकू जाईल असं. तुम्ही चष्मा पुसत उभ्या राहिलात. ते गेल्यावर मी रडायला लागलो तर म्हणालात, "रडू नकोस. पाय बघ, काच आहे." त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मी मात्र मनात ठरवलं, माझ्यामुळे या बाईला दुसऱ्यांदा ऐकून घ्यावं लागता कामा नये.

हे ठरवलं आणि त्यातूनच सगळं घडलं.

दुसरा मोसम आला. केंद्रानं सांगितलं होतं, या खेपेला जास्त म्हशींवर करून दाखवा, जमलं तर खोल्या तुमच्या, नाही तर कांड्यांच्या टाक्यांना जागा पाहिजेच आहे. तुम्ही घरी कमी आणि खोलीत जास्त असायच्या. सामानाची यादी दिलेली, पण मॅनेजर सही करत नव्हते. निळा रंग संपला होता. हातमोजे संपत आले होते. आणि लॅबचा साबण, तो मुंबईहून येणारा पांढरा डबा, तोही तळाला गेला.

तो संपल्याचं मी तुम्हाला सांगितलं नाही.

तुम्ही विचाराल, का? नुसतं तोंड उघडायचं होतं. बाई, आदल्याच दिवशी तुम्ही यादी घेऊन मॅनेजरकडे गेला होतात आणि परत आल्यावर स्टुलावर बसून होतात, हातातली यादी चौकोनी घडी करत, पुन्हा उलगडत. मला वाटलं, आणखी एक गोष्ट मी सांगायची, मग तुम्ही पुन्हा आत जायचं, पुन्हा ते ओरडणार. चार दिवसांत डबा येईल. तोवर मी निभावून नेतो.

माझा चुलतभाऊ गुलाब उधन्यालाच रेशमाच्या कारखान्यात होता, जिथं कच्च्या रेशमाच्या लडी धुवून त्यावरचा डिंक काढतात. तिथली पावडर तो घरी आणायचा. आमच्या चाळीत सगळ्या बायका लूमच्या तेलाचे कपडे तिनंच धुवायच्या. मी गुलाबला सहज म्हटलं, भांडी चकाचक पाहिजेत रे. तो म्हणाला, "भाऊ, हाई पावडर लई जाय. डाग कसाना बी ऱ्हाऊ दे, खाई टाकस."

खाऊन टाकते. सरळ सांगितलं होतं त्यानं. आणि मी खूश झालो.

काचेच्या भांड्यांचं काही बिघडलं नसेल. ती मी भट्टीत भाजायचो, त्या आचेत काही टिकत नाही असं तुम्हीच सांगायच्या. पण फिरकीच्या मशीनमधल्या नळ्या प्लॅस्टिकच्या. भट्टीत वितळतात. त्या नुसत्या धुवायच्या, सात वेळा खळखळायच्या, जाळीदार कापडाखाली वाळवायच्या. मी सात वेळा खळखळल्या, बाई. एकदाही सहा नाही. पण ती पावडर प्लॅस्टिकला धरून बसत असेल. त्यांतच तुम्ही चीक घालत होतात.

डबा चार दिवसांत आला नाही. सात आठवडे आला नाही.

या सात आठवड्यांत एकदा तुम्ही माझा हात धरलात. बोटांची टोकं सोलली होती, लालभडक. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत.

"हे काय? साबण कुठला वापरतोस?"

"तोच, बाई. पांढऱ्या डब्यातला."

"त्यानं असं होत नाही."

"घरी सिमेंटचं काम केलं थोडं."

तुम्ही टेबलाच्या खणातून व्हॅसलीन काढून दिलंत, आणि म्हणालात, आज राहू दे, नळ्या मी धुते. मी म्हणालो नको बाई, तुमचे हात खराब होतील. हे माझ्या तोंडून गेलं! तुमचे हात खराब होतील हे मला कळत होतं, चिकाचं काय होईल ते कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं? सत्तावीस दिवस हेच विचारतोय स्वतःला.

मग म्हशी उलटायला लागल्या. पहिल्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, होतं असं. दुसऱ्यात वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचलीत. साध्या कांडीच्या म्हशी नेहमीसारख्या, काही राहिल्या, काही नाही. आपल्या कांडीच्या त्याहून वाईट. मी वही धरून उभा असायचो, गावोगावची माणसं येऊन सांगायची आणि तुम्ही लिहायच्या. उलटली. उलटली. रेवाबेनची धाकटी म्हैस, ती कपाळावर पांढरा ठिपका असलेली, ती पण. रेवाबेननं या खेपेला निरोप पाठवला, स्वतः आली नाही. पुढच्या महिन्यात त्या म्हशीचा खुंटा मोकळा होता.

निळा रंग आला तेव्हा कांड्या कधीच भरून झाल्या होत्या. तुम्ही शीतपेटीत जपून ठेवलेला त्या मोसमाचा चीक काढलात, चकतीवर घातलात. मी शेजारीच होतो. रंग धुतला गेला. तुम्ही चकती खिडकीशी धरलीत, मग दिव्याशी. ज्या जागी रेघ असायची तिथं काही नव्हतं, खाली नुसता निळसर धूर पसरल्यासारखा. तुकडे, तुम्ही म्हणालात. सगळं तुटलंय.

"राखणदार कुठं गेला, बाई?"

"होता की नाही, तेच आता कळत नाही."

तुम्ही वही उघडलीत आणि लिहिलंत. मी वाचू शकलो, कारण असले शब्द तुम्हीच शिकवलेले: *चिकातील रक्षक घटक वाढ प्रथिनाचा बचाव करू शकत नाही. मूळ गृहीतक चुकीचे.* खाली सही, तारीख.

आपलं भांडण त्यावरूनच झालं, आणि ते तसंच राहिलं. मी म्हणालो, परत करू या बाई. शामळी राहिली होती ना? रेघ दिसली होती ना, मी बघितली. तुम्ही म्हणालात, "भटू, आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं नसतं." मी चिडलो. मी, तुमच्यावर! म्हणालो, एका मोसमानं हरलात तुम्ही, आमच्यात लूम बंद पडला तर धागा बघतात, लूम भंगारात नाही घालत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "मग सांग, कुठला धागा?"

मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. तुमच्या पायाची शपथ घेतो. नळ्यांचा विचार डोक्यात आलाही असेल तरी मी त्याला बसायला जागा दिली नाही.

खोल्या गेल्या. मला केंद्रानं पुढं झाडायला ठेवलं, तेही तुम्ही शब्द टाकलात म्हणून. तुम्ही घरी बसलात आणि वर्षाच्या आत पोटाचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय. आजार माझ्यामुळे झाला असं मी म्हणत नाही, एवढा अडाणी नाही. पण तुम्ही बिछान्यावर पडून जे चघळत होतात, ते माझं होतं.

कळलं ते असं. गुलाबच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं, मी त्याला बोलवायला कारखान्यात गेलो. तो हौदापाशी होता. नवीन माणूस उघड्या हातानं लडी बुडवायला गेला तर मुकादम त्याच्या अंगावर धावला, "मोजा पहेन, गधेडा! रेशम पर जो गोंद है वो प्रोटीन है, ये पावडर प्रोटीन खाता है. तेरा चमडा भी खाएगा."

मी तिथंच उभा राहिलो. गुलाब विचारतोय, भाऊ काय व्हयनं, आणि मला माझी बोटं दिसताहेत, तुमच्या हातात धरलेली. पुढं तुमचंच शिकवलेलं आपोआप जुळत गेलं. चिकातल्या राखणदाराला एका जातीचा चोर माहीत होता, पोटातला. कारखान्यातला हा दुसऱ्याच जातीचा. त्याचं तोंड याला बंद करता आलं नसेल. राखणदार खोटा नव्हता, बाई. मी दार उघडून परका आत घेतला होता.

त्यानंतर तुम्ही पंधरा दिवस होतात. मी चार वेळा तुमच्या घरी आलो, चारही वेळा सांगायचं ठरवून. पहिल्यांदा तुमच्याकडे पाहुणे होते. दुसऱ्यांदा तुम्ही झोपलेल्या. तिसऱ्यांदा तुम्ही जाग्या होतात, आपण दोघंच होतो, आणि तुम्ही माझ्या पोरीचं गणित कसं आहे ते विचारलंत. मी गणिताबद्दल बोललो. अर्धा तास गणिताबद्दल बोललो.

चौथ्यांदा तुमचा आवाज गेल्यासारखाच होता. मी पायाशी बसलो. तुम्ही छताकडे पाहत होतात. मग म्हणालात, "भटू, पहिल्या वेळेस जमलं होतं ना?"

"हो बाई."

"मग दुसऱ्या वेळेस बदललं काय?"

इतकं सरळ. जणू तुम्ही दार उघडून बाजूला झालात. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पाणी बदललं असेल, बाई. त्या वर्षी बोअरचं आलं होतं."

तुम्ही थोडा विचार केलात. आजारी माणसाचा नाही, खोलीत करायच्या तसाच. "पाणी नसावं," म्हणालात. "शेवटचं पाणी आपण गाळून घ्यायचो." आणि डोळे मिटलेत.

त्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. मी तिरडीला खांदा दिला. लोक म्हणत होते, बाईंचा माणूस, किती रडतोय बघा.

आधी रेवाबेनला सांगितलं, कारण तिचीही म्हैस गेली होती. ती चारा कापत होती, कापतच राहिली. मग म्हणाली, "मारी भेंस तो गई, भटू. भेंस बीजी आवशे. पण बेनने केम न कीधुं?" म्हैस दुसरी येईल. बेनला का नाही सांगितलंस? तिनं चहाला बस म्हटलं नाही. तिच्या तबेल्यात असं कधी झालं नव्हतं.

मग तुमच्या भावाकडे गेलो, अण्णांकडे. तेरावा झाल्यावर. तुमच्या वह्या त्यांच्याकडेच. सगळं सांगितलं, गुलाबची पावडर, नळ्या, बोटं, बोअरचं पाणी. अण्णा बँकेतले शांत गृहस्थ. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "तिनं शेवटच्या आठवड्यात मलाही तेच विचारलं होतं. काय बदललं. मला तर त्यातलं ओ का ठो कळत नाही. ती मलाही विचारत होती, इतकी ती…" मग म्हणाले, "एक शब्द सांगितला असतास तर ती सुखानं गेली असती. मी तुला माफ करेन असं समजू नकोस."

मी म्हणालो, नाही समजत, अण्णा.

ते आत गेले. मला वाटलं, आता दार लावतील. वही घेऊन आले आणि ते पान उघडून माझ्यापुढं ठेवलं, तुमची सही वर. पेन दिलं. "लिही," म्हणाले. "तुझ्या अक्षरात. आणि इथल्या मराठी मंडळाच्या अंकातही लिही, म्हणजे वही माझ्या कपाटात पडून राहिली तरी कुठंतरी राहील."

तुमच्या ओळीखाली मी लिहिलं. कुठल्या महिन्यात साबण संपला, कुठली पावडर वापरली, किती आठवडे, कुठल्या नळ्या. त्या मोसमातला चीक कशानं तुटला असावा. खाली माझं नाव, भटू, आणि हुद्दा, भांडी धुणारा. तुमची ओळ मी खोडली नाही. तो हक्क माझा नाही. आणि खरं सांगायचं तर, नळ्या स्वच्छ असत्या तर म्हशी राहिल्याच असत्या, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. एक शामळी आणि एक मोसम, एवढ्यावर तुम्हीच मला असं म्हणू दिलं नसतं. मी एवढंच म्हणू शकतो की प्रश्न नीट विचारलाच गेला नाही, आणि तुम्ही स्वतःला चूक ठरवून गेलात.

ते पान मी झेरॉक्स करून जनावरांच्या कॉलेजात घेऊन गेलो. एका तरुण सरांनी उभ्याउभ्या वाचलं. माझे हात बघितले, पान बघितलं. म्हणाले, "ठेवून जा, बघू." त्यांनी ते एका गठ्ठ्यावर ठेवलं. मी बाहेर येऊन काचेतून बघत होतो. अजून तरी तिथंच असेल.

मी पुन्हा जाईन. ते नाही तर दुसरे कोणी. रेवाबेन मला उभं करो न करो, तिच्या तबेल्यात पुढची म्हैस व्याली की मी तपेली मागायला जाईन, शिव्या खाईन, आणि गुळासकट परत नेऊन देईन. अण्णांनी माफ केलं नाही तरी वही सांभाळा म्हणून दर दिवाळीला त्यांच्या दारात उभा राहीन.

बाई, तुमचं माझ्यावर जे आहे ते फेडायला दुसरी वस्तू माझ्यापाशी नाही. कधीतरी कोणीतरी तुमचं काम पुन्हा मांडेल. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, मला त्यातलं कळो न कळो. त्या दिवशी त्यांच्या नळ्या मी धुवायला येईन. आणि साबण संपला की हात पुसून, त्यांच्यापुढं उभा राहून सांगेन, साबण संपलाय.